पंडिता रमाबाई व त्यांचा ईश्वरावरील भरंवसा

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्या घरोघर लहानपणापासून ऐकूं येते, आणि ती खोटी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. ज्या गृहस्थाला महिनाअखेर जमाखर्चाची तोंडमिळवणी करावी लागते, त्याला या म्हणीचें मोल शिकविण्याची गरज नाहीं. परंतु असाही एखादा प्रसंग येतो कीं, अंथरूण आंखूड असतें आणि दाराशीं थंडीनें कुडकुडणारें लेंकरूं उभें असतें. अशा वेळीं कोणी आपलें अंथरूण मोजीत बसतो, कोणी हळूच दार लावून घेतो. मात्र एखादाच असा निघतो कीं, तो आधीं लेंकराला आंत घेतो आणि मग पांघरुणाची चिंता देवावर टाकून कामाला लागतो. आपल्या महाराष्ट्रांत अशा विरळ माणसांमध्यें पंडिता रमाबाई यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं मुद्दाम डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ च्या एप्रिल महिन्याच्या २३ तारखेस, पश्चिम घाटांतील गंगामूळ या अरण्यांतल्या स्थळीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये अशी समजूत त्या काळीं सार्वत्रिक असतां शास्त्रीबुवांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, आणि त्याबद्दल लोकांचा रोषही सोसला. रमाबाईंना पुढें शिकविलें तें या विदुषी मातेनेंच. पहांटेच्या वेळीं दिलेले ते पाठ इतके पक्के झाले कीं, बारा वर्षांची होण्यापूर्वींच या मुलीला हजारों श्लोक मुखोद्गत होते. पण विद्येबरोबर लक्ष्मी त्या घरांत टिकली नाहीं. आल्यागेल्या अतिथींचा व विद्यार्थ्यांचा सत्कार करतां करतां शास्त्रीबुवांचें द्रव्य आटलें, आणि सारें कुटुंब पुराणें सांगत, तीर्थयात्रा करीत देशभर पायीं हिंडूं लागलें.

अशांत दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. हातीं होतें तें दानधर्मांत संपून गेलें होतें. मोलमजुरी करण्याची संवय नव्हती, आणि भीक मागण्याची लाज वाटे. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. प्रथम वडील गेले, थोड्याच महिन्यांत आई गेली, आणि थोरली बहीणही गेली. आई अखेरच्या दुखण्यांत भाकरीचा तुकडा मागत होती. तो मागून आणण्यासाठीं रमाबाई शेजारच्या एका बाईकडे गेल्या. परंतु तोंडांतून शब्द फुटेना, डोळ्यांतून मात्र पाणी वाहूं लागलें. त्या दयाळू बाईनें ओळखून भाकरी दिली. रमाबाई ती घेऊन धांवत आल्या, पण तोंवर आईला घांस गिळण्याचें त्राण उरलें नव्हतें. वाचकांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा. पुढें ज्या बाईनें हजारों भुकेल्या मुलींपुढें अन्नाचें ताट ठेविलें, तिला भूक म्हणजे काय हें कोणत्याही पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

आतां राहिलीं दोघेंच, रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री. तीं दोघें हजारों मैल पायीं चाललीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यावयास पांघरूण नव्हतें, तेव्हां वाळूंत खड्डे खणून त्यांत तीं निजलीं, आणि डोकें तेवढें बाहेर ठेवून बाकीचें अंग वाळूनें झांकून घेतलें. सन १८७८ मध्यें तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं या विशींतल्या मुलीची परीक्षा घेतली, आणि तिच्या विद्वत्तेनें थक्क होऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु सुख त्यांच्या दाराशीं फार दिवस थांबत नसे. सन १८८० मध्यें बंधु वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं अन्य जातींतील बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह केला. पण पुरीं दोन वर्षें लोटलीं नाहींत तोंच, सन १८८२ च्या फेब्रुवारींत, पटकीच्या विकारानें तेही निवर्तले. चोवीस वर्षांच्या आंत आईबाप, बहीण, भाऊ व पति गमावलेली ही विधवा आपली तान्ही मुलगी मनोरमा हिला कडेवर घेऊन पुण्यास आली.

पुण्यास त्यांनीं आर्य महिला समाजाची स्थापना केली, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून प्रवासखर्चाची तजवीज करून सन १८८३ मध्यें इंग्लंडचा रस्ता धरिला. तेथें वाँटेज गांवीं धर्मभगिनींच्या मठांत त्या राहिल्या. पतित स्त्रियांना जवळ करून माणसांत आणणारी त्या भगिनींची सेवा पाहून त्यांचें मन विरघळलें, आणि सन १८८३ च्या सप्टेंबर महिन्याच्या २९ तारखेस त्यांनीं आपल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढें चेल्टनहॅम येथील महिला विद्यालयांत कांहीं काळ अध्ययन व अध्यापन केल्यावर, डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास हजर राहण्याकरितां त्या अमेरिकेस गेल्या. तो समारंभ सन १८८६ च्या मार्चच्या ११ तारखेस झाला. अमेरिकेंत त्यांनीं गांवोगांव व्याख्यानें दिलीं, हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि बालविधवांसाठीं शाळा काढण्याची आपली मनीषा लोकांपुढें मांडली. सन १८८७ च्या अखेरीस बॉस्टन येथें एक मंडळ स्थापन होऊन त्यानें दहा वर्षेंपर्यंत शाळेचा खर्च चालविण्याचें वचन दिलें.

सन १८८९ च्या मार्चच्या ११ तारखेस मुंबईंत चौपाटीनजीक शारदासदन उघडलें. पहिल्या विद्यार्थिनींमध्यें आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील देवरुखच्या गोदूबाई जोशी या बालविधवा होत्या. पुढें याच आनंदीबाई कर्वे या नांवानें, महर्षि कर्वे यांच्या सहधर्मचारिणी म्हणून, सर्व महाराष्ट्रास परिचित झाल्या. पुढच्याच वर्षीं शाळा पुण्यास आली. परंतु तेथें मोठें वादळ उठलें. शाळेंतील कांहीं मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होत आहे असें दिसून आल्यावर, सन १८९३ मध्यें सल्लागार मंडळांतील थोर गृहस्थांनीं आपला संबंध सोडला, आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. यांत कोणाचें किती चुकलें याचा निवाडा करणें हा या लेखाचा हेतु नाहीं. आपल्या मुलीच्या धर्माविषयीं चिंता वाटणाऱ्या पित्याचें दुःख खरें होतें, आणि आपली श्रद्धा लपवून ठेवण्यास तयार नसलेल्या बाईचा प्रामाणिकपणाही खरा होता. एवढें मात्र निश्चित कीं, ज्या शाळेसाठीं रमाबाईंनीं जिवाचें रान केलें, ती एका वर्षांत अर्धीमुर्धी रिकामी झाल्यासारखी दिसूं लागली.

शिवाय दुसरी एक काळजी होती. अमेरिकेंतील मंडळाचें वचन दहा वर्षांचें होतें, आणि सन १८९८ जवळ येत चाललें होतें. पुढें काय? रमाबाई या व्यवहार जाणणाऱ्या बाई होत्या. त्यांनीं पुण्यापासून सुमारें ३४ मैलांवर, आगगाडीच्या रस्त्यालगत केडगांव येथें जमीन घेतली, विहिरी खणविल्या व फळझाडें लावविलीं. बागेच्या उत्पन्नावर शाळा आपल्या पायांवर उभी राहील असा त्यांचा हिशेब होता. याच सुमारास त्यांनीं तीन भक्तांचीं चरित्रें वाचलीं : ब्रिस्टल येथें हजारों पोरक्या मुलांचा सांभाळ करणारे जॉर्ज म्यूलर, चीन देशांत सेवा करणारे हडसन टेलर, आणि दक्षिण समुद्रांतील बेटांवर काम केलेले जॉन पेटन. म्यूलर यांनीं कोणा मनुष्याकडे कधीं पैसा मागितला नाहीं. जी गरज पडे ती ते प्रार्थनेंत देवापुढें ठेवीत. हें वाचून रमाबाईंच्या मनांत प्रश्न उभा राहिला : जो देव इंग्लंडांत व चीनांत आपल्या लेंकरांची हांक ऐकतो, तो या हिंदुस्थानांतही ऐकणार नाहीं काय? प्रश्न साधा होता. पण त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं सारें आयुष्य पणास लावावें लागणार होतें.

सन १८९६ मध्यें लोणावळ्यास ख्रिस्ती मंडळींचा मेळा भरला होता. रमाबाई आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींना घेऊन तेथें गेल्या होत्या. एके दिवशीं पहांटे एकांतांत बसून त्यांनीं देवाजवळ मागणें केलें कीं, या पंधरांच्या पंधरापट, म्हणजे २२५ मुली मला दे. त्या वेळीं त्यांच्याजवळ इतक्या मुलींना पुरेल असें घरही नव्हतें आणि तशी मिळकतही नव्हती. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहतां हें मागणें वेडेपणाचेंच होतें.

त्यानंतर लौकरच मध्यप्रांतांत दुष्काळाची बातमी आली. आईला भाकरी देतां आली नाहीं ती आठवण रमाबाईंच्या काळजांत जागी होती. त्या स्वतः तिकडे गेल्या. अन्नछत्रांत व कामाच्या छावण्यांत हाडांचे सांपळे झालेल्या मुली त्यांनीं पाहिल्या, आणि मुलींच्या निराधारपणाचा फायदा घेण्यास टपलेलीं दुष्ट माणसेंही पाहिलीं. आपल्याजवळ किती पैसा आहे हें मोजून मग किती मुली घ्याव्या तें ठरवावें, असा सरळ मार्ग होता. रमाबाईंनीं तो धरिला नाहीं. त्यांनीं मुलींकडे पाहिलें, आणि एकामागून एक तुकड्या पुण्यास येऊं लागल्या. लोणावळ्यास मागितलेली संख्या मागें पडली, आणि थोड्याच महिन्यांत सुमारें तीनशें मुली त्यांच्या पदरीं आल्या.

पण संकटें कधीं एकटीं येत नाहींत. पुण्यांत प्लेग सुरू झाला होता, आणि शहरांत इतक्या नव्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. आतां जावें कोठें? तेव्हां ती केडगांवची जमीन उपयोगीं पडली. तंबूंत आणि तात्पुरत्या छपरांखालीं मुलींची सोय झाली, आणि हळूहळू तेथें इमारती उठल्या. याच वसाहतीला पुढें मुक्ति हें नांव मिळालें. येथें थोडें थांबून विचार करण्यासारखा आहे. रमाबाईंनीं ती जमीन फळांच्या उत्पन्नासाठीं घेतली होती. देवानें तेथें माणसें लाविलीं. पन्नाससाठ मुलींची शाळा चालावी म्हणून जी तजवीज त्यांनीं केली होती, तीच शेंकडों मुलींचें माहेर झाली. माणसानें प्रामाणिकपणें जी थोडकी तयारी केलेली असते ती देव फुकट घालवीत नाहीं. मात्र तिचा उपयोग कशासाठीं करावा हें तो आपल्या मर्जीनें ठरवितो.

सन १८९८ मध्यें दहा वर्षांची मुदत संपली, तेव्हां रमाबाई अमेरिकेस जाऊन आल्या. तेथील मित्रांनीं शारदासदनास पुढेंही मदत करण्याचें ठरविलें. पण मुक्तीच्या वाढत्या कुटुंबास अशी कोणाची बांधलेली हमी नव्हती. इतक्यांत सन १८९९ व १९०० चा भयंकर दुष्काळ आला. गुजराथेंतून आणि इतर भागांतून मुलींचे थवे येऊं लागले, आणि मुक्तीच्या पंगतीस बसणारांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. एवढ्या माणसांस रोज दोन वेळां जेवूं घालावयाचें म्हणजे काय, हें ज्या माउलीला आठदहा पाहुण्यांचा स्वयंपाक करावा लागतो तिला विचारावें.

अन्नाहूनही मोठी अडचण पाण्याची होती. केडगांवचा मुलूख मूळचा कोरडा, त्यांत पाऊस गेलेला. मुक्तींतील माणसें आणि गुरें यांना पुरवठा होता तो विहिरींचा. संध्याकाळीं विहिरींचा तळ दिसूं लागे, आणि उद्यां काय होईल या विचारानें जीव घाबरा होई. पण सकाळीं पुनः त्या दिवसापुरतें पाणी आलेलें असे. कोणी शंकेखोर म्हणेल, रात्रीं पाणी उपसलें नाहीं म्हणजे झरे भरतातच, यांत नवल तें काय? नवल झऱ्यांचें नाहीं. तळ दिसत असतांही एकाही मुलीला परत न पाठविण्याचें धैर्य ज्या अंतःकरणाला झालें, त्याचें नवल आहे. आम्हां पोफळीच्या लोकांना हें कळावयास जड जाऊं नये. सह्याद्रीच्या पलीकडे सांठलेलें कोयनेचें पाणी डोंगराच्या पोटांतून येऊन आमच्या येथील वीजगृहाचीं चक्रें फिरवितें आणि पुढें वाशिष्ठीस जाऊन मिळतें. येथें उभें राहून तो जलाशय कोणास दिसत नाहीं. म्हणून तो नाहीं असें येथलें शेंबडें पोरही म्हणणार नाहीं. रमाबाईंना देवाच्या भांडाराविषयीं अशीच खात्री होती.

परंतु देवावर भरंवसा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणें, असा अर्थ त्यांनीं कधीं केला नाहीं. त्यांनीं प्रार्थना केली आणि नव्या विहिरीही खणविल्या. मुक्तींत शेती होती, गाईगुरें होतीं, हातमाग होते, शिवणकाम होतें, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. खिळे जुळविण्यापासून पुस्तकें बांधण्यापर्यंतचीं कामें मुलीच करीत. वाईट मार्गास लागलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें. मनोरमाबाईंनीं अमेरिकेंत ब्रेल लिपि शिकून घेतली होती. त्यांनीं आंधळ्या मुलींना वाचावयास शिकविलें. ज्या मुलींना जगानें ओझें म्हणून टाकून दिलें, त्याच मुली तेथें दुसऱ्यांचा भार उचलूं लागल्या. अपुऱ्या साधनांचें कोडें रमाबाईंनीं बऱ्याच अंशीं असें सोडविलें : खाणारें प्रत्येक तोंड दोन हातही घेऊन येतें, हें त्या कधीं विसरल्या नाहींत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हें चरित्र प्रामाणिकपणें सांगितल्यासारखें होणार नाहीं. रमाबाईंनीं मागितलें तें सर्व त्यांना मिळालें असें नाहीं. दुष्काळांतून आणलेल्या कित्येक मुली इतक्या खंगलेल्या होत्या कीं, अन्न व औषध देऊनही त्या वांचल्या नाहींत. स्वतः रमाबाईंना बहिरेपणानें ग्रासलें. आणि ज्या मुलीवर संस्थेचा पुढील सर्व भार टाकण्याची आशा होती, त्या मनोरमाबाई सन १९२१ च्या जुलै महिन्यांत आईच्या आधीं गेल्या. भरंवशाची खरी कसोटी भरल्या कोठारापाशीं होत नसते. आईची भाकरी वेळेवर पोंचली नाहीं, आणि लेकीचें आयुष्यही पुरलें नाहीं. या दोन्ही दुःखांच्या मध्यें उभी असलेली ही बाई देवावर रुसली नाहीं कीं कामावरून उठली नाहीं.

शेवटचीं वर्षें त्यांनीं एका विलक्षण उद्योगांत घालविलीं. पवित्र शास्त्र खेड्यांतल्या साध्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठींत असावें, अशी त्यांना तळमळ होती. त्यासाठीं उतारवयांत इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून त्यांनीं मूळावरून संपूर्ण भाषांतर केलें, आणि तें मुक्तीच्याच छापखान्यांत मुलींच्या हातून छापविण्याचें काम चालविलें. सन १९१९ मध्यें सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलें होतें. परंतु त्यांचें चित्त पदकांत नव्हतें, तें या कामांत होतें. भाषांतर तडीस नेऊन सन १९२२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस त्यांनीं देह ठेविला. सन १९२४ मध्यें तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. केडगांवची संस्था आजही चालू आहे, आणि निराधार स्त्रियांना व मुलांना तेथें आजही आसरा मिळतो.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं फीचे पैसे जमवितांना वडिलांच्या कपाळावर आंठ्या पडत असतील. कोणाला एकाच पुस्तकावर दोघां भावंडांना अभ्यास करावा लागत असेल. अशा वेळीं आपल्याजवळ कांहीं नाहीं, मग आपल्या हातून काय होणार, असें मनांत येणें स्वाभाविक आहे. पवित्र शास्त्रांत सारफथ येथील विधवेची कथा आहे. तिच्या मडक्यांत मूठभर पीठ आणि कुपींत थोडेंसें तेल उरलें होतें; त्यांतूनच तिनें भुकेल्या संदेष्ट्यासाठीं भाकर केली, आणि दुष्काळ सरेपर्यंत तें पीठ सरलें नाहीं. पांच भाकरी व दोन मासळ्या पुढें करणारा मुलगाही तुमच्याच वयाचा असेल. त्या दोघांपाशीं पुरेसें नव्हतें; पण जें होतें तें त्यांनीं मुठींत आवळून धरिलें नाहीं.

आणि पालकहो, अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण मुलांना अवश्य शिकवावी. उधळपट्टी म्हणजे श्रद्धा नव्हे, आणि ऋण काढून मोठेपणा मिरविणें हा देवावरील भरंवसा नव्हे. रमाबाईंनीं स्वतःच्या सुखासाठीं कधीं पाय पसरले नाहींत. पांढऱ्या साध्या वस्त्रांत व साध्या अन्नावर त्यांनीं आपलें आयुष्य काढलें. त्यांनीं पसरला तो पदर, आणि तोही दुसऱ्यांच्या लेंकरांसाठीं. आपल्या गरजांना आंवर घालावा, हातीं असेल तें चोख हिशेबानें वापरावें, परंतु दारीं आलेल्या गरजवंताला केवळ उद्यांच्या भीतीनें परत लावूं नये. एवढा धडा जरी आपल्या मुलांनीं आपल्यापासून घेतला, तरी त्यांस मोठी इस्टेट ठेविल्यासारखें होईल.

उद्यांचें पाणी आज विहिरींत दिसत नाहीं, म्हणून आजची तहानलेली मुलगी दारांत उभी ठेवावयाची नाहीं, हें त्या थोर बाईचें जीवितसूत्र होतें. तें आचरण्याचें बळ परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.